तिसरी सही तुमची आहे: अर्ली डिसिजनबद्दल शाळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, तसेच तेथील कॉलेज-समुपदेशक

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ली डिसिजनने, म्हणजे लवकरच्या बंधनकारक पद्धतीने, अर्ज करायचा तर एका करारावर तिघांच्या सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. पहिले दोघे असा कागद आयुष्यात पहिल्यांदाच बघत असतात. तिसऱ्याच्या हाताखालून तो दरवर्षी जातो. म्हणून हे पत्र तिसऱ्याला.

निमित्त असे, की बारावीच्या मुलांनी ऑगस्ट संपायच्या आत आपले ‘अर्लीचे कॉलेज’ शाळेला कळवायचे, असा शिरस्ता काही शाळांत पडला आहे. त्यासाठीच्या फॉर्मवर कॉलेजचे नाव असते, विषय असतो, सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेचे गुण असतात. घरातून दरवर्षी किती पैसे निघू शकतात, हा रकाना नसतो. आम्ही या मुलांचे प्रवेशाचे आणि आर्थिक मदतीचे अर्ज तपासून देणारी माणसे आहोत. डिसेंबरच्या मध्याला निकाल लागले की प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालकच आमच्याकडे येऊन विचारतात, आता यातून बाहेर पडता येईल का? हा प्रश्न सप्टेंबरात तुमच्या टेबलावर निघायला हवा होता.

जे पालक हे वाचत असतील त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अर्ली डिसिजन म्हणजे बंधनकारक अर्ज. तो एकाच कॉलेजला करता येतो. मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, काही ठिकाणी १५ नोव्हेंबर. निकाल डिसेंबरच्या मध्याला. पुष्कळ कॉलेजांत याची दुसरी फेरीही असते. तिची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्याला. प्रवेश मिळाला तर जायचेच, आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. कॉमन अ‍ॅप, म्हणजे पुष्कळ कॉलेजांना एकाच फॉर्मने अर्ज करायचे संकेतस्थळ, त्याच्या करारात यापुढे ‘कोणत्याही देशातल्या’ दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठीचा यूकासचा सामाईक अर्जही त्यात आला. अर्ली अ‍ॅक्शन वेगळे: निकाल लवकर, पण बंधन नाही, १ मेपर्यंत विचार करायला मोकळीक. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा तिसराच प्रकार आहे. बंधन नाही, पण त्यांच्याकडे लवकर अर्ज केला की दुसऱ्या खासगी कॉलेजला लवकर अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांची बंधन नसलेली अर्ली अ‍ॅक्शन चालते आणि अमेरिकेबाहेरची विद्यापीठेही चालतात. जॉर्जटाउनची अर्ली अ‍ॅक्शन बंधनकारक नाही, मात्र तिथे अर्ज करणाऱ्याने दुसरीकडे अर्ली डिसिजन करायचे नाही. या जोड्या चुकल्या तर दोन्ही अर्ज धोक्यात येतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या याद्यांत त्या चुकलेल्या दिसतात.

आता तक्रारी. पहिली पैशांची आहे, आणि इतर सगळ्या मिळून तिच्याएवढ्या होणार नाहीत.

अनेक नामवंत खासगी कॉलेजांचा राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. डॉलर ९० रुपयांना धरला तर ८१ लाख रुपये. २०२१ मध्ये डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा हीच रक्कम साडेसहासष्ट लाखांच्या घरात बसत होती. शिवाय कॉलेजे दरवर्षी फी वाढवतात. म्हणजे चार वर्षांचा हिशोब पहिल्या वर्षाच्या चौपटीने करून भागत नाही, आणि तुमच्या पालकसभेतल्या स्लाइडवर नेमकी ती चौपट असते, तीही जुन्या दराने.

एवढे पैसे नसतील तर मदत मागायची. इथे परदेशी विद्यार्थ्यासाठी नियम बदलतात हे किती पालकांना तुम्ही सांगता? अमेरिकी मुलांच्या बाबतीत बरीच श्रीमंत कॉलेजे नीड-ब्लाइंड असतात. मदत मागितली आहे का, हे प्रवेश ठरवताना बघत नाहीत. परदेशी मुलांच्या बाबतीत तसे वागणारी मोजकीच आहेत. ठळक नावे: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राऊन, नोटर डेम, वॉशिंग्टन अँड ली. यांतली डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये या यादीत आली. ब्राऊन आणि नोटर डेम त्यानंतर. या दहांपैकी अर्ली डिसिजन घेणारी पाच: अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राऊन, वॉशिंग्टन अँड ली. मोठी मदत लागणार असेल तर बंधनकारक अर्जाचा विचार या पाचांपासून सुरू करायला हवा. तिथे प्रवेश सोपा आहे असे अजिबात नाही, पण निदान मदत मागितल्याचा तोटा होत नाही.

बाकीची बहुतेक कॉलेजे परदेशी मुलांसाठी नीड-अवेअर. मदत मागितली की ती अर्जाच्या तोलात येते. मग आपल्याकडे ‘युक्ती’ निघते: अर्जात मदत मागायची नाही, पहिले वर्ष कसेबसे भरायचे आणि दुसऱ्या वर्षी मागायची. अनेक कॉलेजांचा नियम असा आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चार वर्षे ती मागता येणार नाही. ही युक्ती मुलांना घरी सुचत नाही. ती सल्लागारांकडून येते, आणि तुमच्यापैकी काही जण ती ऐकून गप्प बसतात.

‘पैसे जमले नाहीत तर करारातून सुटता येते’ हेही अर्धेच सांगितले जाते. करारातले कलम खरे आहे: मदतीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला, शिकायला जाता येईल एवढी मदत मिळाली नाही, तर तो प्रवेश नाकारून मोकळा होऊ शकतो. पण ‘मदतीसाठी अर्ज केलेल्या’ हे शब्द वाचा. ज्याने मदत मागितलीच नाही त्याला हे कलम लागू नाही. त्याच्या वडिलांचा धंदा डिसेंबरात बसला तरी त्याने कॉलेजच्या दयेवर राहायचे. आणि ज्याला लागू आहे त्यालाही कॉलेजच्या मदत कार्यालयाशी पत्रव्यवहार करून, कागद पुन्हा देऊन, आकडा वाढतो का ते पाहावे लागते. त्यात नाताळची सुट्टी येते. तोवर १ ते ५ जानेवारीच्या नेहमीच्या मुदती निघून जातात. सुटका होते ती रिकाम्या हातांनी.

हे सगळे आधी तपासता येते, म्हणून तर राग येतो. अमेरिकेतल्या कायद्याने २०११ पासून कॉलेजांना संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता किती भरावे लागेल याचा अंदाज देणारे साधन, ठेवावा लागतो. मात्र तो मुख्यतः अमेरिकी मुलांसाठी असतो. बऱ्याच ठिकाणी त्यातला आकडा आपल्या मुलांना लागू पडत नाही. तो आकडा छापून पालकाच्या हातात देणे ही फसवणूक नसेल, पण निष्काळजीपणा नक्की आहे. खात्रीची जागा म्हणजे कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे प्रवेश आणि मदतीचे आकडे ठरावीक नमुन्यात देणारा तक्ता. त्यातल्या एच ६ या कलमात परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे असते. समजा सरासरी ७०,००० डॉलर दिसली आणि घेणारे चाळीसच दिसले, तर ते चाळीस एकूण परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येशी ताडून पाहायचे. सरासरी मोठी आणि घेणारे थोडे, याचा अर्थ ज्यांना देतात त्यांना भरपूर देतात, पण फार थोड्यांना घेतात. मग सप्टेंबरात कॉलेजच्या मदत कार्यालयाला घरचे आकडे लिहून सरळ विचारायचे. बरीच कार्यालये उत्तर देतात. ही दोन कामे करायला समुपदेशकाला एका कॉलेजमागे अर्धा तास लागतो.

सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरचे उत्पन्न आणि मालमत्ता कळवायचा ऑनलाइन फॉर्म, त्याबद्दलही तेच. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकी १६. फॉर्म भरताना मराठी घरांत ठरावीक जागी गडबड होते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रात ठळक दिसत नाही. पण इथे ते दाखवावेच लागते. आजोबांच्या नावावरचा फ्लॅट आईवडिलांच्या मालमत्तेत घालायचा नसतो, आणि पुष्कळ जण घालून बसतात. दुकान किंवा कारखाना असेल तर सीएचे प्रमाणित ताळेबंद लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा मराठीत असतो, त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. अर्ली अर्जासाठी याची मुदत बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएला फोन करून काय उपयोग होतो ते सांगायला नको.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये एच-४ व्हिसावर (तिथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वाढलेल्या मुलांचे नातेवाईकही इथल्या समुपदेशकांना विचारतात, म्हणून एक ओळ त्यांच्यासाठी: ही मुले तिथल्या शाळेत शिकली तरी अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत त्यांना मिळत नाही आणि बरीच खासगी कॉलेजे मदतीच्या बाबतीत त्यांना परदेशीच धरतात. वरचा सगळा हिशोब त्यांनाही लागू.

दुसरी तक्रार आकड्यांची. ‘अर्ली केले तर संधी तिप्पट’ हे वाक्य आता भिंतीवरच्या सुविचारासारखे झाले आहे. आकडा कुठून येतो तेही बघू. २०२४ मध्ये ब्राऊनमध्ये दाखल झालेल्या वर्गासाठी अर्ली डिसिजनवाल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. सगळ्या अर्जदारांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या जरासे वर. भागाकार बरोबर आहे. पण त्या अर्लीच्या गठ्ठ्यात कॉलेजच्या संघासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात, अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची मुले असतात, आणि ज्यांना मदत लागतच नाही असे कित्येक असतात. कॉमन डेटा सेटच्या सी २१ या कलमात अर्लीचे अर्ज आणि प्रवेश किती ते दिलेले असते. त्यात परदेशी मुले वेगळी काढलेली नसतात. तेव्हा नाशिकच्या मुलीची संधी तिप्पट झाली असे त्या आकड्यातून कुणालाच म्हणता येत नाही. थोडा फायदा असतो, हे आम्हीही मानतो. येणार हे नक्की असलेला विद्यार्थी कॉलेजला हवा असतो, आणि जिथे निम्मा वर्ग अर्लीतच भरतो तिथे नंतर थांबलेल्यांना जागा कमी उरतात. हा फायदा मोजून सांगा. काठावरच्या अर्जाला तो हात देतो. दुबळ्या अर्जाला नाही.

कुणासाठी थांबणे शहाणपणाचे, हे तर कुणी सांगतच नाही. अर्लीत कॉलेज बघते ते नववी ते अकरावीचे गुण. अकरावीत घसरलेला आणि बारावीच्या सहामाहीत सावरलेला मुलगा नेहमीच्या फेरीत किंवा दुसऱ्या अर्लीत आपले नवे गुण दाखवू शकतो. ऑक्टोबरची सॅट ही १ नोव्हेंबरसाठी सहसा शेवटची संधी. ती बिघडली आणि डार्टमथ किंवा ब्राऊनसारख्या, परीक्षा पुन्हा सक्तीची केलेल्या कॉलेजात जायचे असेल, तर १ नोव्हेंबरचा हट्ट सोडावा. ज्या घराला दोन-तीन कॉलेजांच्या मदतीची पत्रे शेजारी ठेवून तुलना करायची आहे, त्यांनी बंधनकारक अर्ज करूच नये. कारण तुलनेची ती सोय तिथे नसतेच. त्यांच्यासाठी बंधन नसलेले लवकरचे अर्ज आहेत. इंजिनीअरिंग आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पर्ड्यू, इलिनॉय अर्बाना-शँपेन यांची १ नोव्हेंबर चुकवू नये. तिथे परदेशी मुलांना मदत फारशी नाही, पण उत्तर लवकर येते आणि हात बांधलेले नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाला अर्ली नाहीच. त्यांची मुदत नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास, म्हणजे अर्लीचा निकाल यायच्या आधीच संपते, हे लक्षात ठेवून तो अर्ज स्वतंत्र करावा लागतो.

तिसरी तक्रार तुमच्या कार्यालयाची. एचएससीच्या मुलाची नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात. म्हणजे दोन संस्थांच्या गुणपत्रिका, दोन शिक्के, दोन लिपिक. मुलाला जुन्या शाळेत ‘मुख्याध्यापक रजेवर आहेत’ ऐकून परत यावे लागते. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक हे पदच नाही. मग करारावर सही उपप्राचार्य करतात आणि करार न वाचता करतात. शाळेची माहिती सांगणारे एक-दोन पानांचे पत्रक, ज्यात बोर्ड कोणते, गुण कसे देतात, ९० टक्क्यांच्या वर किती जातात हे लिहायचे असते, ते बऱ्याच ठिकाणी तयारच नसते. बोर्डाचा निकाल मे महिन्यात लागतो, म्हणून बारावीचे अपेक्षित गुण तुम्हालाच द्यावे लागतात. अर्लीचे कॉलेज मोठे म्हणून ते फुगवू नका. मे महिन्यातला खरा निकाल फार खाली आला तर कॉलेज दिलेला प्रवेश काढून घेऊ शकते.

आणि दिवाळी. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होते. अर्ज विद्यार्थ्याच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ पर्यंत जातो, पण शिफारसपत्र आणि गुणपत्रिका शाळेच्या खात्यातून जायच्या असतात, आणि शाळेला कुलूप असते. दिवाळी अचानक येत नाही. कालनिर्णय भिंतीवर वर्षभर लटकलेले असते.

निकाल आणि १ जानेवारी यांच्यात जेमतेम दोन आठवडे मिळतात. त्याच सुमारास तुमच्या पूर्वपरीक्षा. अर्लीत नकार किंवा ‘पुढच्या फेरीत बघू’ असे उत्तर आलेल्या मुलाने त्या दोन आठवड्यांत सात-आठ कॉलेजांचे निबंध लिहावेत ही अपेक्षा चुकीची आहे. ते अर्ज १० डिसेंबरपर्यंत तयार असायला हवेत. ‘अर्लीचे होऊ दे, मग बघू’ असे सांगणारा समुपदेशक मुलाचा जानेवारी घालवतो.

चौथी तक्रार नाजूक आहे. काही शाळा मुलांत कॉलेजे वाटून देतात: अमुक ठिकाणी आपल्याकडून एकच अर्ज जाईल, तू दुसरे बघ. एका शाळेतून एकच घेऊ असा नियम ही कॉलेजे जाहीर करत नाहीत. तो शाळेच्या फलकावरच्या नावांसाठी केलेला असतो. आणि ज्या खासगी सल्लागारांना तुम्ही शाळेत बोलावता, त्यांना कुणाकडून पैसे मिळतात ते विचारा. विद्यार्थ्यामागे दलाली द्यायला अमेरिकी कायद्याची बंदी आहे, पण परदेशी विद्यार्थी त्या बंदीतून वगळलेले आहेत. त्यामुळे काही विद्यापीठे इथल्या एजंटांना डोकेनिहाय पैसे देतात, आणि ते कायदेशीर आहे. पालकांना ते माहीत नसणे मात्र गैर आहे.

हा खेळ तुम्ही मांडलेला नाही, हे आम्ही जाणतो. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने लवकरचे अर्ज बंद करायचे ठरवले आणि २०११ मध्ये परत आणले, कारण बाकीचे थांबले नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या दबावाखाली तिथल्या प्रवेश-समुपदेशकांच्या संघटनेने, अर्लीवाल्यांना खास आमिषे दाखवू नयेत हा स्वतःचा नियम काढून टाकला. तिथले तिथे बदलेल तेव्हा बदलेल. सही मात्र इथे होते.

म्हणून आमच्या मागण्या:

ऑगस्टच्या फॉर्मवर पैशाचा रकाना घाला, आणि ‘लवकर अर्ज करणार नाही’ हा पर्यायही छापा. तो निवडणाऱ्या मुलाला वर्गात कमी लेखू नका.

अर्ली डिसिजनच्या करारावर सही करण्यापूर्वी पालकांसोबत एक पान भरा: घरातून वर्षाला निघणारी रक्कम, मदत लागणार की नाही, कॉलेज परदेशी मुलांसाठी नीड-ब्लाइंड की नीड-अवेअर, एच ६ मधले दोन आकडे, मदत कार्यालयाचे उत्तर. त्यावर पालकांची आणि तुमची सही. हे पान रिकामे असेल तर करारावर सही करू नका, कॉलेज कितीही मोठे असो.

ही बैठक मराठीतही घ्या. करारातले सुटकेचे कलम आणि ‘कोणत्याही देशातल्या’ हे शब्द वाचून दाखवा.

गुणपत्रिका, पत्रक आणि अपेक्षित गुण १० ऑक्टोबरपर्यंत तयार ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत लॉगिन असलेली एक व्यक्ती रोज दोन तास फोनवर उपलब्ध असू द्या.

आपल्या शाळेचे मागच्या पाच वर्षांचे अर्लीचे निकाल नावे न देता लावा: किती अर्ज, किती प्रवेश, त्यांत मदत मागणारे किती, आणि प्रवेश मिळूनही पैशांअभावी न गेलेले किती. शेवटचा आकडा गाळू नका.

शाळेत येणाऱ्या प्रत्येक सल्लागाराकडून दलालीबाबत लेखी खुलासा घ्या आणि तो पालकांना दाखवा.

यातल्या कोणत्या गोष्टी या वर्षीपासून करणार, ते १५ सप्टेंबरपूर्वी पालकांना लेखी कळवा. जी शाळा कळवणार नाही, तिथल्या पालकांनी ते एक पान स्वतः भरावे, दोन प्रती काढाव्यात, आणि सहीसाठी करार पुढे करताना एक प्रत समुपदेशकाकडे देऊन पोच घ्यावी.

आपले,
परदेशी प्रवेश आणि आर्थिक मदतीच्या अर्जांवर काम करणारे काही जण